नाव कमी करण्याचा हक्क

(संस्थेच्या वतीने तरुण व्यावसायिक व विद्यार्थी यांच्यासाठी कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





लहान व्यवसाय करणाऱ्या आपल्या तरुणांना उपयोगी पडेल असे काही बोलावे, असे संस्थेने आम्हाला सुचविले. भांडवल, कर्ज, हिशेब या विषयांवर या व्यासपीठावरून पूर्वी बोलणे झाले आहे. म्हणून आज आम्ही एक अगदी लहान वाटणारा विषय घेतला आहे. ग्राहक कसा मिळवावा, हे सांगणारी माणसे पुष्कळ आहेत. पण जो ग्राहक आपल्याला कळवितो की, ‘तुमची पत्रे मला नकोत, तुमच्या यादीतून माझे नाव कमी करा’, त्याच्याशी कसे वागावे हे सांगणारे फार कमी. आमच्या मते व्यवसायातील माणुसकीची खरी परीक्षा येथेच होते. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या यादीत अडकून दिवस काढले, त्या आपल्या समाजाने तर या प्रश्नाकडे अधिकच बारकाईने पाहिले पाहिजे.

प्रथम विषय स्पष्ट करू. आज आपल्यातील कोणी कोल्हापुरी चपला करून विकतो, कोणी गूळ आणि काकवी बाहेरगावी पाठवितो, कोणी शिवणकाम करते, कोणी पुस्तके आणि बुद्धमूर्ती विकतो. पूर्वी गिऱ्हाईक दारात यायचे. आता पुण्या-मुंबईचे, दुबईचे, अमेरिकेतले गिऱ्हाईक दुकान न पाहता माल मागविते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील आपल्या कार्यक्रमात कोल्हापुरीसारख्या चपला दाखविल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नाव घेतले नाही. त्यावर झालेला गदारोळ आपण सर्वांनी वाचला आहे. अशा दिवसांत आपल्या कारागिराने आपल्या गिऱ्हाइकाशी स्वतः, मधला दलाल टाळून, संबंध ठेवणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगावयास नको. त्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे ई-मेल. गिऱ्हाइकांचे पत्ते एका यादीत ठेवावयाचे आणि नवा माल आला, सण आला की सर्वांना एकदम पत्र पाठवावयाचे. त्या पत्राच्या तळाशी एक ओळ असते, ‘अनसबस्क्राइब’. म्हणजे यापुढे पत्र नको असेल तर येथे दाबा. आजचे व्याख्यान या एका ओळीवर आहे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा ओळीवर व्याख्यान कशाला? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्या आजोबा-पणजोबांची नावेही याद्यांमध्ये होती. कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांना गावात हजेरी द्यावी लागे. गुन्हा केलेला असो वा नसो, जन्म त्या जातीत झाला म्हणजे नाव हजेरीत लागले. परगावी जावयाचे तरी परवानगी घ्यावी लागे. दुसरी यादी वतनाची. महार वतनात नाव असले की सरकारी कामासाठी रात्री-अपरात्री केव्हाही बोलावणे येई, आणि मोबदला काय, तर जमिनीचा तुकडा, तोही भाऊबंदांत वाटून वाटून नावापुरता उरलेला. या याद्यांत नाव आपोआप चढत असे. पण ते कमी करण्याची सोय नव्हती. ‘मला हे काम नको’ असे म्हणणारा माणूस गुन्हेगार ठरत असे.

राजर्षी छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली. त्याच वर्षी त्यांनी महार वतने खालसा करून त्या जमिनी रयतावा म्हणून त्याच लोकांच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. पुढे १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी विधेयक मांडले. त्यासाठी त्यांना प्रदीर्घ झगडावे लागले आणि त्या वतनांचा कायद्याने शेवट व्हावयास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. या सर्व खटपटीचा एका वाक्यात अर्थ सांगावयाचा तर असा, की माणसाला न विचारता त्याचे नाव यादीत घालू नये, आणि त्याला बाहेर पडावयाचे असेल तेव्हा त्याची वाट अडवू नये.

याच कोल्हापूरशी दुसऱ्या एका यादीचा संबंध आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराजांच्या उपस्थितीत माणगावची परिषद झाली. ‘मूकनायक’ला आणि १९२७ मध्ये निघालेल्या ‘बहिष्कृत भारता’ला जी यादी होती ती वर्गणीदारांची. हे वर्गणीदार गरीब होते. पण ते स्वतःच्या इच्छेने वर्गणीदार झाले होते. पैशाच्या ओढाताणीत ‘बहिष्कृत भारत’ १९२९ मध्ये बंद पडले. बाबासाहेबांनी लोकांना कळकळीने मदत मागितली. परंतु ती मागितली, वतनासारखी लादली नाही. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, ‘जनता’ सुरू झाले आणि लोक पुन्हा आले.

मित्रहो, हजेरीची यादी आणि वर्गणीदारांची यादी, दोन्हींत नावेच असतात. परंतु एकीत माणूस अडकविलेला असतो आणि दुसरीत तो आपण होऊन आलेला असतो. आपल्या दुकानाची यादी यांपैकी कोणत्या जातीची आहे, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. तिच्यातून बाहेर पडण्याची वाट किती सोपी आहे ते पाहावे.

भगवान बुद्धांच्या चरित्रात या विषयाला लागू पडणारे तीन प्रसंग आहेत. ते येथे थोडक्यात सांगतो.

दीघनिकायातील पाटिक सुत्तात सुनक्खत्त नावाच्या लिच्छवी तरुणाची हकीकत आहे. तो भिक्षू झाला होता. भगवान चमत्कार दाखवीत नाहीत, जगाचा आरंभ सांगत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. मी तुम्हाला सोडून जातो, असे तो म्हणाला. भगवंतांनी त्याला विचारले की, ये, माझ्याकडे राहा, असे मी तुला कधी म्हणालो होतो काय? तो म्हणाला, नाही. मग, अमुक मिळाले तरच मी राहीन, असा करार तू माझ्याशी केला होतास काय? तोही नाही. तेव्हा भगवंतांनी त्याला दाखवून दिले की, येथे कोणी कोणाला बांधून घेतलेलेच नव्हते, मग कोण कोणाला सोडतो आहे? सुनक्खत्त पुढे संघातून गेला आणि वैशालीत भगवंतांविरुद्ध बोलू लागला. ते कानावर आले तेव्हा, तो रागाने बोलतो आहे, एवढेच सांगून भगवंतांनी आपली बाजू शांतपणे मांडली. त्याला परत आणावयास माणसे धाडली नाहीत.

दुसरा प्रसंग राजगृहाच्या वेळुवनातील. भारद्वाज नावाचा एक ब्राह्मण रागाने येऊन भगवंतांना शिव्या देऊ लागला. भगवंतांनी त्याला विचारले की, तुझ्या घरी पाहुणे येतात, त्यांच्यापुढे तू पदार्थ ठेवतोस, आणि पाहुण्यांनी ते घेतले नाहीत तर ते कोणाचे होतात? तो म्हणाला, माझेच राहतात. तर तुझे हे बोलणे आम्ही घेत नाही, ते तुझेच राहिले, असे भगवंतांनी त्याला सांगितले. शिवीबाबत सांगितलेली ही गोष्ट न मागता पाठविलेल्या पत्रालाही लागू आहे. जे घेतले जात नाही ते पाठविणाऱ्याचेच राहते. नको म्हणणाऱ्या माणसाला शंभर पत्रे पाठविली तरी ती पोहोचली असे होत नाही.

तिसरा प्रसंग नालंदा येथील उपाली गृहपतीचा. हा धनवान गृहस्थ निर्ग्रंथांचा, म्हणजे जैन साधूंचा अनुयायी होता. वाद करावयास आला आणि भगवंतांचा उपासक होऊ इच्छिला. आजचा दुकानदार असता तर त्याने लगेच नाव लिहून घेतले असते! भगवंतांनी त्याला, नीट विचार कर, असे सांगितले. एवढेच नव्हे, तर तुझ्या घरी निर्ग्रंथांना आजवर दान मिळत आले आहे, ते यापुढेही देत जा, असेही सांगितले. येणाऱ्याला घाई नाही आणि जाणाऱ्याला आडकाठी नाही, अशी ही रीत आहे. आपला धम्म ‘एहिपस्सिको’ आहे, ये आणि पाहा, असे म्हणणारा आहे. ज्याला ये म्हटले त्याला जाताही आले पाहिजे, नाही तर ते बोलावणे राहत नाही, तो हुकूम होतो.

आता हे व्यवहारात कसे आणावयाचे ते पाहू. आम्ही बँकेत कारकुनाचे काम करतो. खातेदार येऊन अमुक चेकचे पैसे देऊ नका असा अर्ज देतो, तेव्हा आम्ही अर्जावर दिवस आणि वेळ घालतो आणि तत्काळ नोंद करतो. ‘उद्या बघू’ असे म्हणून चालत नाही, कारण मधल्या तासाभरात चेक वटला तर जबाबदारी बँकेवर येते. यादीतून नाव कमी करण्याची सूचना याच नजरेने पाहावी. ती विनंती नाही, सूचना आहे. तिच्यावर निर्णय द्यावयाचा नसतो, अंमल करावयाचा असतो.

त्यासाठी आम्ही काही नियम सांगतो. ते वहीत उतरवून घ्यावेत.

पहिला नियम, बाहेर पडण्याची ओळ दिसेल अशी ठेवावी. पांढऱ्या कागदावर फिक्कट करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत ती छापू नये. मराठी ग्राहकांसाठी ती मराठीत असावी, ‘पुढे पत्र नको असल्यास येथे दाबा’. दाबल्यावर पासवर्ड, नाव, जन्मतारीख असे काही विचारू नये. एकदा दाबले की काम झाले पाहिजे.

दुसरा नियम, ज्या वाटेने सूचना येईल ती वाट मान्य करावी. कोणी ओळ दाबील, कोणी पत्राला उत्तर म्हणून ‘नको’ लिहील, कोणी फोन करील, कोणी दुकानात येऊन सांगेल. ‘तुम्ही तळाची ओळ दाबा’ असे वयस्कर गिऱ्हाइकाला उलट शिकवू नये. काउंटरवर एक वही ठेवावी, तीत तारीख घालून पत्ता लिहावा आणि संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी यादीतून तो कमी करावा.

तिसरा नियम फार महत्त्वाचा आहे. नाव नुसते पुसून टाकू नये, ते ‘यांना पाठवू नये’ अशा वेगळ्या यादीत ठेवावे. याचे कारण असे, की वर्षअखेरीस आपण बिलबुकातून नवी यादी तयार करतो. पुसलेले नाव बिलबुकात असतेच. ते पुन्हा चढते आणि ज्याने स्पष्ट नको म्हटले त्याला दिवाळीला पुन्हा पत्र जाते. त्याला वाटते, यांनी मला फसविले. प्रत्यक्षात लबाडी नसते, गलथानपणा असतो. पण सोसणाऱ्याला दोन्ही सारखेच. म्हणून नवी यादी केली की ती प्रथम ‘पाठवू नये’ या यादीशी ताडून पाहावी. त्या वेगळ्या यादीत फक्त पत्ता आणि तारीख असावी, बाकी माहिती ठेवण्याचे कारण नाही.

चौथा नियम, जाहिरात आणि कामाचे पत्र यांत फरक करावा. एखाद्याने जाहिराती नको म्हटल्या, पण त्याने मागविलेल्या चपलांचा जोड वाटेत आहे. त्याचे बिल, पार्सल निघाल्याची सूचना, माल परत घेतल्याची पोच ही पत्रे त्याला गेलीच पाहिजेत. मात्र त्या बिलाच्या खाली ‘जाता जाता पाहा आमचा नवा माल’ असे घुसडू नये.

पाचवा नियम, कारण विचारण्याची सक्ती करू नये. विचारावयाचेच असेल तर नाव कमी झाल्यानंतर विचारावे, आणि उत्तर न देण्याची मोकळीक ठेवावी. ‘महिन्यातून एकच पत्र चालेल का?’ असा एक पर्याय देण्यास हरकत नाही. पुष्कळांना पत्र नकोसे नसते, पत्रांची गर्दी नकोशी असते. पण पर्याय एकदाच द्यावा. नको म्हणणाऱ्यापुढे तीन-तीन वेळा ताट सरकवणे हा आग्रह नव्हे, छळ होय.

सहावा नियम मुळाशी जाणारा आहे. नाव घालतानाच विचारून घालावे. दुकानात ठेवलेल्या वहीत हस्ताक्षर नीट लागत नाही, एक अक्षर चुकले तर पत्र भलत्याच माणसाला जाते. म्हणून पहिले पत्र फक्त खात्रीचे पाठवावे आणि त्यावर होकार आला तरच नाव कायम करावे. लग्नाच्या आमंत्रणाच्या याद्या, संस्थेच्या सभासदांच्या याद्या, कोणाकडून विकत मिळालेल्या याद्या यांना हात लावू नये. पंचशीलातील दुसरे शील न दिलेले घेऊ नये असे सांगते. आपला पत्ता आणि आपला वेळ या माणसाच्या वस्तूच आहेत.

आता कायदा काय म्हणतो? फोन आणि मोबाइल संदेशांपुरती आपल्याकडे ‘ट्राय’ या संस्थेची व्यवस्था आहे. १९०९ या क्रमांकावर कळवून जाहिराती बंद करता येतात, आणि त्याविषयीचे सध्याचे विनियम २०१८ चे आहेत. ई-मेल त्या व्यवस्थेत येत नाही. परंतु २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. जितक्या सहजपणे संमती दिली तितक्याच सहजपणे ती केव्हाही मागे घेता आली पाहिजे, हे तत्त्व त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत ग्राहकाला फसविण्याचे तेरा प्रकार दिले आहेत. बाहेर पडण्याची वाट अवघड करणे हा त्यांतला एक. नको म्हणणाऱ्याला लाजविणे हा दुसरा. ‘नाही, मला पैसे वाचवायचे नाहीत’ अशा शब्दांचे बटण काही ठिकाणी आपण पाहिले असेल, तो हाच प्रकार. परदेशी ग्राहक असतील त्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याप्रमाणे अशी सूचना कामकाजाच्या दहा दिवसांत अमलात आणावी लागते. युरोपात मे २०१८ पासून जो कायदा लागू आहे, त्यात जाहिरातीला केव्हाही नकार देण्याचा हक्क आहे.

कायद्याहून जलद शिक्षा दुसरीकडून होते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम कडक केले. मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांनी एका दाबात बाहेर पडण्याची सोय ठेवावी आणि दोन दिवसांत नाव कमी करावे, असे त्यांनी बंधन घातले. पाच हजारांवर पत्रे पाठविणारा आपल्यात कोणी नसेल. पण आपण ज्या कंपनीच्या सेवेमार्फत पत्रे पाठवितो ती हाच दंडक लहानांनाही लावते. ज्याला बाहेरची वाट सापडत नाही तो ‘स्पॅम’ हे बटण दाबतो, म्हणजे हे पत्र म्हणजे कचरा आहे अशी तक्रार करतो. अशा तक्रारी हजारी एकाच्या खाली ठेवाव्यात आणि हजारी तीनपर्यंत कधीच जाऊ देऊ नयेत, असे गूगल सांगते.

आता गणित करा. समजा, आपल्या यादीत सहाशे नावे आहेत आणि दिवाळीच्या पत्रानंतर सहा जण जाऊ इच्छितात. वाट सरळ असेल तर सहा नावे कमी झाली, पाचशे चौऱ्याण्णव राहिली. वाट लपविली आणि त्या सहांनी तक्रारीचे बटण दाबले, तर प्रमाण हजारी दहा झाले. मग उरलेल्या पाचशे चौऱ्याण्णवांना जाणारी पत्रेही कचऱ्याच्या पेटीत पडू लागतात. ज्यांना आपला माल हवा होता त्यांनाही नवा जोड आल्याचे कळत नाही. सहा माणसे धरून ठेवण्याच्या लोभाने सहाशे गमावले, असा हा धंदा होतो.

तरीही लहान व्यावसायिकाला भीती वाटते, आणि ती आम्ही समजू शकतो. ज्याच्या मागे वडिलोपार्जित दुकान नाही, पेढीवर उधार देणारे नातेवाईक नाहीत, ज्याने एकेक गिऱ्हाईक स्वतः जोडले, त्याला एक नाव गेले की छातीत धस्स होते. ‘माझे काय चुकले? माझी जात कळली म्हणून गेला काय?’ असा विचारही मनात येतो. आम्ही त्याला खोटा म्हणणार नाही. या देशात तसेही घडते. परंतु बहुतेक वेळा कारण साधे असते. पत्रे फार आली, पत्ता बदलला, लग्न झाले, वस्तू घेऊन झाली, परगावी बदली झाली. सणाच्या तोंडावर साऱ्याच दुकानांची पत्रे येतात आणि माणूस एका बैठकीत दहा ठिकाणची नावे कमी करतो, त्यात आपलेही जाते. त्यामुळे एकेका नावाचा शोध घेत बसू नये. दर पत्रामागे शेकडा किती गेले याची नोंद मात्र ठेवावी. नेहमी हजारी पाच-सात जात असतील आणि एखाद्या वेळी एकदम तीस गेले, तर त्या पत्रात काय होते ते पाहावे. तो आकडा शिक्षक आहे, शत्रू नव्हे.

आणि मित्रहो, जाणाऱ्याने कारण का सांगू नये, याचे एक कारण आपल्याला इतरांहून चांगले ठाऊक असले पाहिजे. समजा, आपल्यातील कोणी बुद्धमूर्ती, आंबेडकरी साहित्य, जयंतीचे साहित्य विकतो. त्याचा ग्राहक शहरात भाड्याच्या खोलीत राहतो, किंवा एखाद्या कचेरीत नव्याने लागला आहे. त्याच्या टेबलावरच्या संगणकावर, त्याच्या फोनवर आपले पत्र उघडे पडते आणि शेजारच्या माणसाला त्याची ओळख कळते. खोली सोडण्याची वेळ काही जणांवर एवढ्यावरून येऊ शकते. असा माणूस ‘नाव कमी करा’ एवढेच लिहील. त्याला आपण ‘समाजाची लाज वाटते काय?’ असे विचारावयाचे काय? त्याची अडचण त्यालाच ठाऊक. त्याचे नाव त्याच दिवशी कमी करावे, त्याबद्दल कोठे वाच्यता करू नये, आणि ती यादी दुसऱ्या कोणाच्या हाती पडणार नाही याची काळजी घ्यावी. आपल्या माणसांच्या नावांची यादी ही आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. बँकेत ठेवीदाराचे नाव आम्ही बाहेर सांगत नाही, तोच न्याय येथे लावावा.

आपल्या संस्थेलाही हे लागू आहे, असे नम्रपणे सुचवितो. आपल्याकडे सभासदांची यादी आहे, देणगीदारांची आहे, विद्यार्थ्यांचे फोन क्रमांक आहेत. धम्मकार्यासाठी घेतलेला क्रमांक निवडणुकीच्या प्रचाराला किंवा कोणाच्या दुकानाच्या जाहिरातीला देऊ नये. संस्थेचे संदेश नको म्हणणाऱ्या सभासदाला फोन करकरून जाब विचारू नये. त्याने संदेश सोडले म्हणजे धम्म सोडला असे होत नाही. दर वर्षी एकदा, सभासद नोंदणीच्या वेळी, ‘आपले नाव संदेशांच्या यादीत ठेवावे काय?’ असा एक रकाना अर्जात घालावा, एवढी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे करतो.

विद्यार्थी मित्रांना दोन शब्द. तुमच्यापैकी काही जण पुढे संगणकाच्या क्षेत्रात जाल. बटण कोठे ठेवावयाचे, ओळ केवढी करावयाची, हे तुम्हीच ठरवाल. तुमचा वरिष्ठ सांगेल की, बाहेर पडण्याची वाट चार पायऱ्यांची कर, म्हणजे लोक कंटाळून राहतील. त्या वेळी हजेरीची यादी आठवा. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे गेली. जाण्याचा हक्क मोठा, आणि कोठे जावयाचे हे विचारपूर्वक ठरविण्याचा हक्कही तितकाच मोठा, हे त्यांनी दाखविले. त्या महान घटनेची तुलना दुकानाच्या पत्राशी करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण मोठा हक्क ज्यांना हवा असतो त्यांनी दुसऱ्याचा लहान हक्क पायदळी तुडवू नये, एवढे तरी आपण त्यातून घेतले पाहिजे.

शेवटी, नाव कमी झाल्यावर काय पाठवावे? एकच पत्र, दोन ओळींचे. आपले नाव आमच्या यादीतून कमी केले आहे. आजवर आमच्याकडे आलात, आभारी आहोत. त्यात सवलत नको, रडगाणे नको, ‘तुमची आठवण येईल’ असा लाडिकपणा नको. आणि नंतर खरोखरच गप्प राहावे. खाते बंद करून गेलेला ग्राहक काही वर्षांनी मुलीचे खाते उघडावयास त्याच शाखेत आलेला आम्ही पाहिला आहे. खाते बंद करताना त्याला कोणी ताटकळत ठेवले नव्हते, हे त्याच्या लक्षात राहते. पण तो परत येईल म्हणून चांगले वागावे, असे आम्ही सांगत नाही. तो परत न आला तरी असेच वागावे.



जयभीम! नमो बुद्धाय!